गाळातला चाकू

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीच्या विहिरीनं आपला तळ दाखवला आणि मी माझी अक्कल. दोन्ही गोष्टी बोदवडमध्ये पहिल्यांदाच घडत होत्या.

विहीर वस्तीची स्वतःची. गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांना दोर सोडू देत नसत, त्या काळात आजेसासऱ्यांच्या पिढीनं कातळ फोडून ती खणली होती. बोदवडला पाण्याची ओरड कायमचीच, पण ही विहीर कधी पूर्ण आटली नव्हती. तळाशी हिरवट का होईना, बादली बुडेल इतकं पाणी असायचंच. ऐंशीच्या दशकातल्या त्या एका वर्षी मात्र वैशाखात बादली सोडली की खालून दगडावर आपटल्याचा आवाज येऊ लागला. पुरुषमंडळी म्हणाली, आटलीच आहे तर गाळ काढून घेऊ.

मी लग्न होऊन आलेली नवी सून. सातवा महिना लागलेला, आणि डोक्यात धुळ्याच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची बी.एस्सी. माहेर देवपुरातलं, म्हणजे धुळ्यातच पांझरा नदीच्या पलीकडचं, त्यामुळे आपण शहरातून आलो असा माझा ठाम समज. सासरी आल्यापासून मी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत सुटले होते. दूध का नासतं, लोणच्याला बुरशी का येते, लोखंडी तव्यावर आंबट का शिजवू नये. कुणी विचारलेलं नसायचं. आज ती मुलगी मला भेटली तर मी तिच्यापुढे लाट्यांचं ताट ठेवीन आणि म्हणेन, बाई, तोंड मीट आणि पापड लाट. अर्थात तेही तिला जमत नसे. तिचा पहिला पापड हातात धरून शेजारच्या चुलत जाऊबाईंनी विचारलं होतं, "हा कोनता जिल्हा व?"

घरात आम्ही चौघंच. आमचे हे सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला ऑफिसात जात, ते दिवेलागणीला परत. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमधून रिटायर झालेले. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही. दीक्षा घेतल्यापासून आबांनी घरात अंगारा, काळा दोरा, उतारा यातलं काही येऊ दिलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर रोज संध्याकाळी वंदना, बस. "कारन सांग, मंग कर," हा त्यांचा कायदा. म्हणून माझं नि त्यांचं छान जमे. फक्त त्यांचं जेवण मला गावंढळ वाटे. कांदा बुक्कीनं फोडायचा, आंबा चोखायचा, टरबूज दगडावर आपटायचं. विळीला, सुरीला हात म्हणून लावायचे नाहीत. मी कापून देते म्हटलं तर "नको." आमचे आबा पहिलवानासारखं जेवतात, असं मी आईला पत्रात लिहून मोकळी झाले होते.

गाळ काढायची आमच्या वस्तीत एक रीत होती. टोपलीतून जे काही वर येईल ते धुऊन निंबाखालच्या ओट्यावर मांडायचं. ज्याचं असेल त्यानं न्यायचं. कुणाला लग्नातला तांब्या सापडला, कुणाची कळशी, कुणाच्या म्हाताऱ्याचा अडकित्ता. बायका चेपलेल्या भांड्यांना हात लावून हसत होत्या, एक तर रडलीच. आणि जे उरेल, ज्याला कुणी आपलं म्हणणार नाही, ते शेवटच्या दिवशी पुन्हा विहिरीत सोडायचं.

"का?" मी विचारलं. विचारणारच.

ओट्यावर वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई बसली होती. ती म्हणाली, "सगळंच काही पडेल नसतं, पोरी. काही टाकेल असतं."

पडलेलं वेगळं, मुद्दाम टाकलेलं वेगळं; मला ते उत्तर काही पटलं नाही. ओट्याच्या कडेला एक वस्तू एकटी पडली होती. बोटाएवढी, गंजाचे आणि चिखलाचे थर चढलेली, वाळलेल्या पालीसारखी दिसणारी. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. मी नखानं टोकाकडचा चिखल खरवडला तर खाली पितळ चमकलं. मिटलेला चाकू! खिशात ठेवायचा, घडीचा. माझे डोळे लकाकले. आयर्न ऑक्साइड! एवढा जाड नमुना तर आमच्या प्रयोगशाळेतही नव्हता. मी इकडंतिकडं बघितलं आणि तो ओटीत घातला.

म्हातारीचे डोळे अधू होते म्हणत. "ओटीत काय घेतलं व?"

"चिंचा."

"विहिरीतून चिंचा निंघाल्या?"

बाकीच्या बायका हसल्या. ती हसली नाही. "भरल्या पोटानं ओटीत असं काही घेऊ नये," एवढंच म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

त्या सगळ्या दिवसांत अक्का विहिरीकडे फिरकल्या नव्हत्या. उन्हानं डोकं दुखतं म्हणत. पण रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता मला विचारत, "आज काय निंघालं गाळात?" मी तांबे-कळश्यांची नावं घेई. त्या दिवशीही घेतली.

"अजून?"

"अजून काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच, अक्का."

त्यांचा हात परातीत थांबला होता. मला वाटलं, पीठ सैल झालं असेल. मला तेव्हा असंच काहीबाही वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून माझं संशोधन सुरू झालं. वैशाखातली बोदवडची दुपार ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगते, ती वेळ रात्रीपेक्षा वाईट. जेवणं उरकली की वस्तीवर एकही माणूस दिसत नाही. कुत्री सांडपाण्याच्या डबक्यात पोट टेकून पडतात. रस्ता इतका पांढरा होतो की बघवत नाही, आणि कुठूनच कसलाही आवाज येत नाही. अक्का पापड-कुरडयांसाठी जाऊबाईंकडे जात, मला त्या कामातून माझ्या पापडांनीच सोडवलं होतं. आबा निंबाखाली गाळाच्या ढिगाची राखण करत डुलक्या घेत. घरात मी एकटी.

मी मधल्या खोलीत बसकण मारली. रेशनचं रॉकेल वाटीभर चोरलं, त्यात तो गोळा बुडवला, वर ताटली झाकली. पुढच्या दुपारी चिंचेच्या कोळात घोळवला. मग विटकरीची पूड आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसले. गंज सोलून निघायला लागला. आधी खपल्या, मग लाल चिखल, मग काळा. खालून हाडाची मूठ निघाली, पिवळट, हाताळून गुळगुळीत झालेली. दोन्ही टोकांना पितळी टोप्या. पात्याच्या पाठीवर नख घालायची खाच. कुणा साहेबाचा चाकू असणार, घोड्यावरून जाताना विहिरीत पडला असणार, अशी कथाही मी रचून टाकली. वस्तीच्या विहिरीपाशी साहेब घोड्यावरून कशाला येईल, हे काही मला सुचलं नाही.

पहिली गोष्ट मला जाणवली ती थंडावा. घरातली पितळी भांडी, दाराची कडी, खिडकीचे गज, सगळं हात भाजेल इतकं तापलेलं असे. चाकू थंड. उन्हात ठेवून बघितला, तरी उचलल्यावर थंडच, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. मी स्वतःला सांगितलं, रॉकेल उडून जाताना उष्णता शोषून घेतं. रॉकेल कधीच पुसून टाकलं होतं, पण कारण मिळालं म्हणून बरं वाटलं.

मग वास. घासायला लागलं की रॉकेल-चिंचेच्या वासाखालून दुसराच एक वास यायचा. शेपा, ओवा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकल्याचा. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात ना, तो. मी उठून चूल बघून आले. विझलेली. शेजारी कुणी बाळंत झालेलं नव्हतं. सात महिने झाले की नाक तीक्ष्ण होतं, मी स्वतःला म्हटलं.

आणि मग कडी. मधल्या खोलीच्या आढ्याला पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या होत्या. आमचे हे त्या कड्यांखाली झुललेले. आता तिथं नुसत्या कड्याच होत्या. मी घासत असताना वरून कुरर्र असा आवाज आला. मी हात थांबवला तर तोही थांबला. पुन्हा घासायला लागले, पुन्हा कुरर्र. झोके द्यायला लागल्यावर येतो तसा, सावकाश, मध्ये श्वास घेत घेत. खोलीत वारा नव्हता. मी मान वर करून त्या कड्यांना मोठ्यानं सांगितलं, "उष्णतेनं लोखंड प्रसरण पावतं!"

हो, कड्यांना. रिकाम्या घरात, भर दुपारी, सात महिन्यांची गरोदर बाई आढ्याला विज्ञान शिकवत होती. आता हसू येतं. त्या वेळी मात्र पाठ भिंतीला टेकवूनच बसत होते, कारण उंबऱ्यात कुणीतरी येऊन बसलंय असं सारखं वाटायचं. बघितलं की कुणी नसे. पण न बघता कळे की आहे. फार मोठं नाही, लहानसं काहीतरी.

शहाण्या बाईनं तिथंच तो चाकू परत नेऊन टाकला असता. मी हट्टाला पेटले. पातं उघडत नव्हतं. आमच्या शिलाई मशीनचं तेल खिळ्यात सोडलं, रात्रभर मुरू दिलं, दुसऱ्या दुपारी मूठ कापडात धरली, खाचेत नख घातलं आणि जोर लावला. काही नाही. पक्कड घेतली. पातं हलकेच तिच्या चिमटीत धरून ओढलं.

टक्.

जिभेनं कुणी टाळूवर वाजवावं, तसा आवाज झाला आणि पातं माझ्या तोंडासमोर उघडलं. आतून ते गंजलंच नव्हतं. पाण्यात इतकी वर्षं राहून आतलं अंग लख्ख होतं. आणि मुठीच्या खाचेत, जिथं पातं मिटून बसतं तिथं, केस होते. काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली एक बारीकशी बट. पक्ष्याच्या पिसासारखी मऊ. जावळ.

त्याच क्षणी माझ्या पोटातलं थांबलं.

ज्या बायकांनी पोटात मूल वाढवलंय त्यांना कळेल. सातव्या महिन्यात ते सारखं काहीतरी करत असतं, ढुसण्या, उचक्या, कूस बदलणं. त्याची इतकी सवय होते की आपण लक्षही देत नाही. ते एकदम बंद झालं. मी पोटावर हात ठेवला. दाबून बघितलं. कुशीवर झाले, पाणी प्यायले. काही नाही. आढ्यावरच्या कड्याही गप्प. मग कारण शोधायला गेले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कारण नव्हतं.

ऊन उंबऱ्यावरून सरकलं होतं. दारात अक्का उभ्या होत्या, हाताला पापडाचं पीठ लागलेलं. मला वाटलं ओरडतील. रॉकेलची वाटी, पक्कड, लाल चिखल, मधोमध मी, काय काय बघून ओरडायचं! त्या ओरडल्या नाहीत. आत आल्या, माझ्यासमोर खाली बसल्या, ती बट दोन बोटांनी उचलून तळहातावर ठेवली.

"माही हाये," म्हणाल्या.

मला वाटलं, चाकू म्हणतायत.

"माही पहिली पोर."

मला माहीतच नव्हतं. आमच्या यांनाही नव्हतं. यांच्या आधी या घरात एक मुलगी झाली होती, याच खोलीत, याच कड्यांखाली. तेव्हा दीक्षा नव्हती, कायदा नव्हता, बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायचं म्हणून हा चाकू उघडा करून ठेवलेला. आबांना तो रुळाच्या कडेला सापडला होता, जाणाऱ्या गाडीतून कुणाचा तरी पडलेला. पाचव्या दिवशी आबा ड्युटीवरून भुकेले आले. बाहेर ओट्यावर खरबूज होतं. कापायला हाताशी काही मिळेना म्हणून त्यांनी बाळाच्या उशाखालून चाकू काढला. खाल्लं, तिथंच ओट्यावर ठेवला, आणि लवंडले. संध्याकाळपर्यंत पोर गेली.

"यानं काही नसतं होत, अक्का," मी म्हणाले. माझ्याच कानाला तो आवाज खोटा वाटला.

"नसन होत," त्या म्हणाल्या. "मी कुठं म्हनते होतं. पन ते घेऊन गेले तिले, मले बाईमानसाले कुठं जाऊ देतात मातीले. एकटी ठेवली असन. मंग मी न्यायच्या आधी कापून ठेवेल तिचं जावळ ह्याच्यात मिटलं आन् विहिरीत सोडलं. म्हटलं, असू दे बाई, लोखंड तुह्याजवळ. उशिरा का व्हयना."

म्हणजे मी घासून पुसून लख्ख केला होता तो एका पोरीचा चाकू होता. तिच्या उशाखालचा. मी तो दुसऱ्यांदा काढून घेतला होता.

अक्कांनी बट पुन्हा खाचेत ठेवली, पातं मिटलं, चाकू जमिनीवर ठेवला. टक्. उघडला. पुन्हा मिटला, वर तळहातानं दाबून धरला. हात काढला. टक्.

"खिळा ढिला झालाय," मी पुटपुटले. "गंजानंच धरून ठेवला होता."

"आन् तू धरून ठेवनारं काढून टाकलं."

मग माझ्या बी.एस्सी.नं शेवटचा पराक्रम केला. मी म्हणाले, "मीठ! अक्का, मिठाच्या पाण्यात ठेवू! लगेच गंजेल, घट्ट बसेल, मग सोडू विहिरीत!" आणि खरोखर पोट धरून मिठाच्या बरणीकडे धावले. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं की रडू ते अजून मला ठरवता आलेलं नाही. "कोरड्या विहिरीत, पोरी?" त्या म्हणाल्या. तेव्हा कुठं माझा धीर सुटला. बरणी तिथंच ठेवून मी म्हटलं, "अक्का, पोटातलं हलत नाहीये."

त्यांनी एकच हाक मारली. आबा निंबाखालून धावत आले. दारात थबकले. त्यांची नजर आधी माझ्याकडे नाही, जमिनीवर गेली, त्या उघड्या पात्यावर. तीस एक वर्षांनी ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. मग म्हणाले, "दवाखान्यात. उठ." आणि चपला न घालता टेम्पो बघायला गेले.

स्टेशनजवळ एक लेडी डॉक्टर होत्या. त्यांनी माझ्या पोटावर ठोके ऐकायची ती लाकडी तुतारी लावली आणि डोळे मिटले. "ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "जरा मंद आहेत. हलायला हवं पण. पाणी किती पिता?" पाणी! गाळ काढायला विहीर बंद, टँकरची एक खेप, त्यात मी शहाणी अक्कांना जास्त मिळावं म्हणून तांब्यावरून फुलपात्रावर आलेली. "आणि दिवसभर काय करत होतात?" मी गंजानं लाल झालेली नखं पदराखाली लपवली. "आज रात्रीपर्यंत हललं नाही तर जळगावला न्या," डॉक्टरीण म्हणाली.

परत येताना टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही तिघं. दिवस मावळायला आला होता. अक्कांच्या मुठीत चाकू होता, उघडाच, पदरात गुंडाळलेला. त्या बाहेर बघत होत्या. आबा टेम्पोच्या फळीला धरून बसले होते, अनवाणी पाय एकमेकांवर.

"खरबूज होतं," ते एकाएकी म्हणाले.

अक्कांनी मान वळवली नाही. "हं."

"मी परत ठेवला नही."

"मले माहीत हाये."

बस, एवढंच. टेम्पो विहिरीपाशी वळला. वळताना चाकाखाली सुका गाळ करकरला. आणि माझ्या बरगडीखाली अशी एक सणसणीत लाथ बसली की मी "आई गं!" करून ओरडले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी पदरातला हात काढून माझ्या पोटावर ठेवला. पुन्हा लाथ. मग त्या तिथंच, टेम्पोत, हमसून हमसून रडल्या.

त्या आठवड्यात मला देवपूरला पाठवलं. विहिरीला पाणी आलं तेव्हा अक्कांनी बट तेवढी पाण्यात सोडली, असं आमच्या यांच्याकडून कळलं. चाकूचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मीही विचारलं नाही. मला एकच दिसत होतं, पाचवा दिवस.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आले, आणि दिवस मोजायचे नाहीत असं ठरवूनही मोजत राहिले. माझी आई दाखवायची नाही पण तिनंही धास्ती घेतली होती. मी तिला सगळं सांगितलेलं. घरातली विळी दोन दिवसांपासून सापडत नव्हती. मला चांगलं माहीत होतं ती कुठं आहे, माझ्या खाटेखाली, गोणपाटाखाली, आईनंच लपवलेली.

पाचव्या दिवशी सकाळी आबा आणि अक्का एस.टी.नं आले. आबांनी हातपाय धुतले, खिशातून एक कोरं फडकं काढलं, उलगडलं. चाकू. खिळा ठोकून घट्ट केलेला, मुठीला खोबरेल चोळलेलं, पातं इतकं धारदार की फडक्याचा एक धागा त्यावरच तुटला. ज्या माणसानं इतकी वर्षं कांदासुद्धा कापला नव्हता, त्यानं तो बसून घासला होता, लावला होता.

आई थक्क. "ओ माय! बठ्ठा लोक म्हनतस, आबा काही मानतस नही!"

"नहीच मानत," आबा म्हणाले. "याच्यात काही नसतं. पन मी उचलला होता. मीच ठेवनार."

त्यांनी पातं उघडलं, बाळाच्या उशाखाली सरकवलं आणि खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसले. जेवायलासुद्धा तिथून हलेनात. स्वयंपाकघरात आईची पंचाईत, कांदा चिरायला विळी नाही, आणि ती कुठं आहे ते सांगायची सोय नाही. शेवटी आबांनीच उंबऱ्यात बसून सगळ्या घराचे कांदे बुक्कीनं फोडून दिले. आई आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली.

मग दुपार झाली. आमच्या गल्लीतही माणसं आहेत की नाहीत अशी शांतता पसरली. आई आडवी झाली, अक्का माझ्या पायथ्याशी बसल्याबसल्या पेंगल्या. बाळ पाळण्यात झोपलं होतं. मी अर्धवट जागी. आणि धुरी दिलेली नसताना तो वास आला. शेपा, ओवा, लसूण. मी डोळे उघडले. पाळणा हलत होता. अगदी थोडा, कुणी बोटानं दोरी धरल्यासारखा. कुरर्र. थांबून, पुन्हा कुरर्र.

मी कारण शोधलं नाही. मी आबांकडे पाहिलं. ते पाळण्याकडे बघत होते, घाबरलेले नव्हते. त्यांनी उंबऱ्यात थोडं सरकून आपल्या शेजारी जागा केली, हातानं फरशी पुसली, आणि लहान पोराशी बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाले,

"ये, माय. बस. आपुन दोघं बसू."

पाळणा थांबला. आबा दिवेलागण झाली तरी तसेच बसून होते, एक बाजू रिकामी ठेवून. आईनं तिथून जाताना दोनदा त्या रिकाम्या जागेला वळसा घातला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. माझी पोर भुकेनं उठली, टाहो फोडला, दूध प्यायली, पुन्हा झोपली. सहावा दिवस उजाडला तेव्हा आबांनी उठून पाय झटकले आणि चहा मागितला.

ती पोर आज स्वतः आजी व्हायच्या वयाची होत आलीय आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते. तिच्या मुलांच्या उशाखालीही तो चाकू ठेवून झाला. "आई, तू तर सायन्सची," असं ती म्हणायची, मी म्हणायची, "हो, म्हणूनच तेल लावून ठेवलाय."

आबा-अक्का आता नाहीत. चाकू माझ्या पत्र्याच्या पेटीत असतो, कोऱ्या फडक्यात. दर वैशाखात मी तो काढते, मऊ कापडानं पुसते, खिळ्यात तेलाचा थेंब सोडते, पातं उघडते. अजून थंड लागतो. आणि दर वर्षी मुठीच्या खाचेत एखादा केस सापडतो. आधी वाटायचं, माझाच गळला असेल, वाकून बसते मी. पण माझे तर कधीचे सगळे पांढरे झाले. हा काळा असतो, बारीक, आणि हाताला लागतही नाही इतका मऊ.

मी तो काढत नाही. पातं हळूच मिटते.